घागरीच्या गळ्याशी

मी तांब्याची घागर बोलतेय. भरलेली असताना मी गप्प असते. आता बरीच वर्षं रिकामी आहे, म्हणून आवाज घुमतो. तरी सावकाशच सांगते. माझ्या मलप्पाला मोठ्यानं बोललेलं आवडत नसे.

माझा जन्म लातूरच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. ठोके खाऊन खाऊनच मला पोट आलं आणि गळा आला. छप्पन साली एका बापानं मला विकत घेतलं आणि नव्या नवरीबरोबर निलंग्याजवळच्या खेड्यात धाडलं. नवरीचं नाव सिद्धम्मा. तिचा नवरा मलप्पा दुसऱ्याच्या पानमळ्यात कामाला होता. उंच, सावळा, चार शब्दांत दिवस काढणारा माणूस.

गावात लग्नकार्याला एकमेकांची भांडी न्यायची रीत होती. नाव नसलेलं भांडं पंगत उठल्यावर कुणाच्या घरी जाईल याचा नेम नसे. म्हणून सिद्धम्मा मला निलंग्याच्या बाजारात घेऊन गेली. तिथं ज्ञानोबा नावाचा माणूस छिन्नी-हातोडी घेऊन भांड्यांवर नावं टाकत बसायचा.

"नाव काय टाकू, बाई?"

सिद्धम्माला टाकायचं होतं नवऱ्याचं नाव. पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग तिनं मला उचललं, माझ्या तोंडाशी तोंड नेलं आणि आत म्हणाली, "मलप्पा."

तेवढं नाव माझ्या पोटात फिरून बाहेर आलं. ज्ञानोबानं ते ऐकलं, हसू दाबलं आणि माझ्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं. त्या एका वेळेपलीकडं सिद्धम्मानं ते नाव कधी घेतलं नाही.

घरी आल्यावर मलप्पानं विचारलं, "कुनाचं नाव टाकलं?"

"ज्याचं टाकावं त्याचं," ती म्हणाली. "वाचाया शिका की जरा, मंग कळंल तुमाला."

मलप्पा शाळेत गेलेलाच नव्हता. भांडी बायकांची, नावं बायकांची, असं तो धरून चालला. त्याला वाटलं, माझ्या गळ्याशी सिद्धम्मा लिहिलंय. ती पदराआड हसली आणि तिनं ते तसंच राहू दिलं. पुढं कधीतरी सांगू, असं तिला वाटलं असणार.

ते राहून गेलं. चार वर्षांची गंगम्मा मागं ठेवून सिद्धम्मा तापानं गेली.

लोक म्हणाले, दुसरी कर. मलप्पा ऐकून घ्यायचा आणि मळ्यात निघून जायचा. त्यानं भाकरी थापायला शिकून घेतलं. लेकीची वेणी घालायलाही शिकला. घरात आरसा नव्हता. तो मला चिंचेनं लखलखीत घासायचा, गंगम्माला माझ्यासमोर बसवायचा आणि माझ्या पोटात बघत तिचा भांग पाडायचा. शेजारची साखराबाई दारातून म्हणायची, "मलप्पा, येनी घालून राहिलास का बैलाचं दावं वळून राहिलास?"

"दावंच हाय मावशी," तो म्हणायचा. "पोरगी लई पळती."

पाणी भरून मला खाली ठेवलं की त्याचं बोट माझ्या गळ्याशी जायचं आणि ठिपक्यांवरून हळू फिरायचं. ती अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण बोटाला पाठ झाली होती. ज्यांना वाचता येत होतं त्यांना त्यात नवल नव्हतं. मलप्पाची घागर, मलप्पाचं नाव. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला वाचा नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पानमळा सुकून त्याची नुसती काटकं उरली. मलप्पा आणि चौदा वर्षांची गंगम्मा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. खायला लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकर. पाणी दोन कोसांवर. कामावर टँकर येई तेव्हा घागरींची रांग लागे. गंगम्मानं पोटभर पिल्याबिगर मलप्पानं कधी ओंजळ भरली नाही. ती म्हणायची, "अप्पा, तुमी प्या आदी." तो म्हणायचा, "माझं मघाशीच झालं." ते खोटं आहे हे मला माहीत होतं. मघाशी मी कोरडीच होते.

एके दिवशी रांगेत गडबड उडाली. टँकर गेला, आणि गुरम्मा नावाच्या परगावच्या बाईनं मला कडेवर घेतलं. तिची घागर अगदी माझ्यासारखी होती, शिवाय डोळ्यांत धूळ गेलेली. मलप्पा म्हणाला, "बाई, ती आमची हाय." ती म्हणाली, "न्हाई वो, माझी हाय." शेवटी मुकादम आला. त्यानं मला वळवून गळ्याशी वाचलं.

"नाव सांग," मुकादम म्हणाला.

मलप्पा अडला. शंभर माणसांत बायकोचं नाव कसं घ्यायचं? ओठ हलले, पण नाव येईना. मुकादमाला वाटलं, माणूस खोटा आहे. "अरे, नाव सांग तुझं."

मलप्पाला हायसं वाटलं. "माझं व्हय? मलप्पा."

"मग घे की तुझी घागर."

मला खांद्यावर घेऊन जाताना तो लेकीला म्हणाला, "मुकादम भला माणूस हाय. निस्तं माझं नाव इचारलं आन् इश्वास ठेवला."

मी तेव्हा काठोकाठ भरलेली होते. नसते तर कदाचित ओरडले असते.

पंचाहत्तरला गंगम्माचं लग्न झालं. नवरा विरूपाक्ष निलंग्यात सायकली दुरुस्त करायचा. सासरी पाठवताना मलप्पानं मला तिच्या हातात दिलं. "तुझ्या अव्वाचं नाव हाय हिच्यावर. जपून वापर." त्या दिवशी तो रिकाम्या हातानं घरी गेला.

वर्षभरात गंगम्माला मुलगी झाली. आजीचं नाव नातीला ठेवायची रीत. पोरीचं नाव सिद्धम्मा ठेवलं. झाली का पंचाईत? आज्जाच्या तोंडून ते नाव निघेना. तो तिला "अव्वा", म्हणजे आई, म्हणायचा. "अव्वा, इकडं ये. अव्वा, जेवलीस का?" पोरगी रागवायची. "आज्जा, तुमाला माझं नाव येत न्हाई का?"

"येतंय की. ठिवलंय जपून."

पुढं त्याची कंबर धरली तेव्हा गंगम्मा त्याला आपल्या घरी घेऊन आली. लेकीच्या घरचं पाणी प्यायला तो कचरत होता. ती म्हणाली, "घागर तर तुमचीच हाय, अप्पा. मग पानी माझं कसं?" तो राहिला. पुन्हा माझ्या गळ्याशी त्याचं बोट फिरू लागलं.

ब्याऐंशीत उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. पाट्या रंगवणारे शिडी घेऊन फिरू लागले. पुढच्या वर्षी नात दुसरीत होती. दिसेल ते वाचायचं तिला वेड. आज्जा तिला शाळेत पोचवायचा आणि ती वाटभर पाट्या वाचायची.

"आज्जा, इथलं उस्मानाबाद कुठं गेलं?"

"पुसलं की. आता लातूर लिवतील."

त्या दिवशी तो घरी आला तो काळजीतच. पंचवीस वर्षं चिंचेनं घासलेली मी. माझ्याकडं बघत म्हणाला, "अव्वा, समद्यांची नावं पुसून राहिलेत. आपल्या घागरीवरचं नीट हाय का, वाच बरं."

मला भीती वाटली. बोटानं एवढी वर्षं जिला भेटत होता, ती तिथं नाही असं कळलं तर?

पोरीनं मान वाकडी करून वाचलं. "म... ल... प्पा." आणि आज्जाचं नाव घेतलं म्हणून तोंडावर हात ठेवला.

"चुकलीस तू. पयलं अक्षर सि असंल बघ."

"सि न्हाईच इथं, आज्जा. म हाय."

चुलीपासून गंगम्मा बघत राहिली; तिलाही वाचता येत नव्हतं. मलप्पानं ठिपक्यांवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "पुन्यांदा वाच."

तिनं वाचलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. सिद्धम्मा नावाची पोरगी त्याच्यासमोर बसून मलप्पा, मलप्पा म्हणत होती, आणि तो डोळे मिटून ऐकत होता.

"पर तिनं सांगितलं कसं असंल?" तो एवढंच म्हणाला. "ती तर नाव घेतच नव्हती."

बाजाराच्या दिवशी तो मला आणि नातीला घेऊन निघाला. ज्ञानोबा अजून तिथंच बसायचा, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यानं माझा गळा चाचपला आणि हसला. "हे माझंच काम. एक बाई आल्ती. घागरीत तोंड घालून नवऱ्याचं नाव सांगितलं तिनं. आजपत्तोर गिऱ्हाइकांना सांगत आलो मी, पर कुनाला खरं वाटत न्हाई."

मलप्पानं माझ्यावर हात ठेवला.

"त्याच्या शेजारी दुसरं नाव टाकायचं हाय," तो म्हणाला.

"सांगा. काय टाकू?"

मलप्पानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मला उचललं, तोंडाशी नेलं आणि आत म्हणाला, "सिद्धम्मा."

शेजारी उभी असलेली नात चटकन म्हणाली, "ओ, आज्जा?"

मलप्पा खाली बसला. तिला जवळ ओढून म्हणाला, "काई न्हाई, सिद्धम्मा. निस्तं बलावलं."

त्यानंतर वीस वर्षं तो तिला नावानंच हाक मारत राहिला. दहादा, विसादा, कामाशिवायही. गेला तेव्हा शेवटचं पाणी माझ्यातलंच होतं, आणि या वेळी ते तो आधी प्याला.

आता मी नांदेडात, सिद्धम्माच्या घरी आहे. ती शाळेत शिकवते. घरात नळ आहे, त्यामुळं मला काम नाही. सणाला तिची सून मला घासायला घेते. हात चांगला आहे पोरीचा. फक्त एवढंच सांगायचं होतं, बाळा. पोटाला हवं तेवढं घास. गळ्याशी मात्र चिंच जरा हळू लाव.