मावशीबरोबर एक दुपार

पहिलं दृश्य, पहिल्या प्रतीत

टेबल. टेबलावर निळा कप, काठाला टवका उडालेला. मावशी कप उचलते, फुंकर घालते, पिते. मागचा पिवळा पडदा फुगतो आणि पुन्हा खिडकीला चिकटतो. घड्याळाची टिकटिक. मावशी दाराकडे बघते. कोणी आलेलं नाही.

सिनेमा जवळजवळ एवढाच आहे. एक बाई दुपारभर कोणाची तरी वाट बघते. चहा पिते, इस्त्री करते, खुर्ची खिडकीपाशी नेते, परत आणते. शेवटी बेल वाजते. ती दार उघडते, थेट कॅमेऱ्यात बघते आणि म्हणते, “आलीस? उशीर केलास.” अंधार.

ठमीने तो मावशीच्या घरात, मावशीलाच घेऊन केला. ठमी हे काही तिचं कागदावरचं नाव नाही, पण आई गेल्यावर मावशीने तिला वाढवलं तेव्हापासून हेच चालत आलंय. संकलकाने खोडसाळपणे श्रेयनामावलीतही तेच टाकलं. त्याला सगळे कात्री म्हणायचे, त्यामुळे फिट्टंफाट.

शेवटच्या दृश्यावरून दोघांचं भांडण झालं होतं. दारासमोर जिन्याचा कठडा येत होता, म्हणून कॅमेरा बाजूला, भिंतीला चिकटून उभा करावा लागला. त्यात तिकाटण्याचा, म्हणजे ट्रायपॉडचा, एक पाय अडकलेला. कॅमेरा वर जाईना.

“एवढा खाली?” कात्री म्हणाला होता. “शाळेतून आलेलं पोर दारात उभं आहे असं वाटतंय.”

“वाटू दे,” ठमी म्हणाली होती.

*

“सिनेमा उत्तम आहे,” प्रसिद्धी सांभाळणारी बाई म्हणाली. तिच्या ऑफिसच्या भिंती काचेच्या होत्या आणि बोलताना ती काचेतल्या स्वतःकडे बघायची. “पण उत्तम असणं फुकट असतं. परीक्षकांनी तो बघणं फुकट नसतं.”

पुरस्काराच्या शर्यतीत उतरायचं तर सिनेमा मोठ्या शहरातल्या थिएटरात आठवडाभर चालायला हवा. थिएटरचं भाडं, परीक्षकांसाठी खास खेळ, समीक्षकांची ने-आण, जाहिराती आणि बाईची फी. ठमीकडे होतं नव्हतं ते सिनेमातच गेलेलं. म्हणून लोकवर्गणी. इंटरनेटवर पान उघडलं. थोडे पैसे देणाऱ्याला आभाराचं पत्र. जास्त देणाऱ्याचं नाव पडद्यावर. त्याहून जास्त देणाऱ्याला सिनेमातली एखादी वस्तू, कायमची.

“आयजीच्या जिवावर बायजी उदार,” मावशी म्हणाली. ती पत्ते पिसत होती. एकटी असली तरी ती दोघांचे पत्ते वाटायची आणि दोन्हीकडून लबाडी करायची. “कप माझा, पडदा माझा, घड्याळ माझं. मला काय ठेवणार आहेस?”

“तू आहेस ना.”

“मग मलाही लाव पानावर. भंगारवाला घेत नाही, सिनेमावाले तरी घेतील.”

ठमीने हसत हसत शेवटची ओळ टाकली: मावशीबरोबर एक दुपार. किंमत अशी लावली की कोणी घेणारच नाही.

*

कप सगळ्यात आधी गेला. एका गणिताच्या शिक्षकाने घेतला. त्याने लिहिलं:

कप सुखरूप मिळाला. एक गंमत सांगतो. सकाळी कपाटातून काढतो तेव्हा तो कोमट असतो.

“आमच्याकडे इतकी वर्षं होता, तेव्हा ओतलेला चहासुद्धा गरम ठेवायचा नाही,” मावशी म्हणाली. “परक्या घरी बरे गुण दाखवतोय.”

*

पहिलं दृश्य, आता

टेबल. टेबलावर काही नाही. मावशी हात पुढे करते. बोटं कशाभोवती तरी वळतात. ती ते उचलते, फुंकर घालते, पिते. मागे पिवळा पडदा.

*

“तू दुसरा टेक लावलास?” कात्रीने फोनवर विचारलं.

“दुसरा टेक नाहीच.”

“तेच म्हणतोय मी.”

दोघांनी मूळ चित्रीकरण काढून बघितलं. प्रत्येक तुकड्यात कप नाही. एका तुकड्यात तर ठमीचा स्वतःचा आवाज होता, ‘मावशी, कप जरा डावीकडे’, आणि मावशीने रिकाम्या टेबलावर काहीतरी निमूटपणे डावीकडे सरकवल्यासारखा हात फिरवला. कात्रीने खुर्ची मागे घेतली. भिंतीला लागेपर्यंत घेतली.

मावशीला दाखवलं. तिने चष्मा वर केला, खाली केला.

“मी काय वेडी आहे हवा प्यायला? कप होता. टवका कोणी पाडला तेही सांगते. तू पाडलास, ठमे, सात वर्षांची असताना.”

म्हणजे त्या तिघांना आठवत होतं. बाकी कोणालाच नाही. आधी सिनेमा बघितलेल्या मित्रांना विचारलं, तर ते म्हणाले, कप? कप कधी होता? तेच तर भारी आहे त्यात.

*

पडदा एका परिचारिकेने घेतला. तिने लिहिलं: खिडकी बंद असली तरी हलतो. आधी भीती वाटली. आता रात्रपाळीहून आले की त्याच्याकडे बघत झोप लागते.

सिनेमातली खिडकी उघडी पडली. ऊन सरळ मावशीच्या तोंडावर आलं. तिने डोळे किलकिले केले. चित्रीकरणाच्या दिवशी तिने डोळे किलकिले केलेच नव्हते.

घड्याळ गेलं. टिकटिक गेली. त्या शांततेत आता मावशीचा श्वास ऐकू यायचा.

एका समीक्षकाने आगाऊ बघून लिहिलं की इतकं धीट रिकामपण त्याने पडद्यावर पाहिलेलं नाही. प्रसिद्धीवाल्या बाईचा लगेच फोन आला. “मी तुमच्यावर खूश आहे! अजून काही काढता येईल का?”

ठमीने फोन ठेवला. काढता येत होतं. सिनेमा चांगला होत होता, हे तिला दिसत होतं. नको वाटत होतं, तरी दिसत होतं.

*

थिएटरच्या भाड्याचा शेवटचा हप्ता उरला आणि वर्गणी अडली. मुदत संपत आली. पैसे भरले नाहीत तर आधी भरलेलेही बुडणार, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

मग एका सकाळी पानावर शेवटची ओळ कोणीतरी घेतलेली दिसली. मावशीबरोबर एक दुपार. घेणारा चष्म्याचा दुकानदार होता, दुकानाच्या वरच एकटा राहणारा. त्याने पूर्ण रक्कम भरून टाकली होती आणि खाली लिहिलं होतं: त्यांना सोयीची असेल ती दुपार.

“परत करायचे,” ठमी म्हणाली.

“का म्हणून?” मावशी म्हणाली. “मी काय कप आहे? जाईन, चार गप्पा मारीन, चष्मा फुकटात नीट करून घेईन, संध्याकाळी घरी.”

“मावशी, तुला कळतंय ना काय होतंय ते?”

“मला कळतंय की तू वर्षभर जेवताना फोनकडे बघतेस. एकदाचा जिंकू दे तो सिनेमा. मग माझ्याकडे बघ.”

कात्री विचार करून आला होता. “बघ, कप आपण कायमचा दिला. मावशी परत येणार आहेत. कायमचं आणि उसनं यात फरक असेल. करून बघू.”

त्यांनी इस्त्री शेजारणीला दुपारभर वापरायला दिली. ती तिकडे असताना सिनेमा लावला. इस्त्री पडद्यावर जागच्या जागी होती, वाफ सोडत होती. त्यांनी तो भाग परत परत बघितला. कात्रीने टाळी मागितली, ठमीने दिली. मावशी म्हणाली, “इतकी शास्त्रज्ञ माणसं घरात, आणि गळका नळ तसाच.”

*

चष्मेवाला सडपातळ, स्वच्छ, हळू बोलणारा होता. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पत्त्यांचा नवा कोरा जोड. संशय यावा असं काहीच नाही.

“जिना फार आहे हो तुमचा,” मावशी धापा टाकत म्हणाली. “डोळे तपासायच्या आधी गुडघे तपासता का?”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा, जरा घाबरत.

“न्यायला कधी येऊ?” ठमीने विचारलं.

“ऊन उतरलं की या,” तो म्हणाला.

“वेळेवर ये,” मावशी म्हणाली. पत्त्यांचं वेष्टण तिने फाडलंसुद्धा होतं.

ठमीला पोचायला उशीर झाला. प्रसिद्धीवाल्या बाईने थांबवून घेतलं होतं. परीक्षकांचा खेळ ठरला होता. ती टॅक्सी घेऊन पोचली तेव्हा मावशी खाली पायरीवर उभी होती. चष्मेवाला कुठे दिसला नाही.

“कसं झालं? जिंकलीस की नाही?”

मावशी टॅक्सीत बसली. खिडकीकडे बघत राहिली. ऊन नव्हतं, तरी तिने डोळे किलकिले केले होते.

घरी आल्यावर ती टेबलाशी बसली. हात पुढे केला. बोटं कशाभोवती तरी वळली. तिने ते उचललं, फुंकर घातली.

*

पहिलं दृश्य, आता

टेबल. खुर्ची. ऊन. श्वासाचा आवाज नाही.

*

चष्मेवाल्याने लिहिलं:

मनापासून आभार. मावशी फार बोलक्या आहेत. पत्त्यांत उघड उघड लबाडी करतात आणि वर मलाच चष्मा बदला म्हणतात. नळ गळत होता, तो त्यांनी मला दुरुस्त करायला लावला. तुमची टॅक्सी खिडकीतून दिसली तेव्हा मी त्यांना हाक मारली होती. त्या म्हणाल्या, हा डाव संपू दे.

ठमीने ते वाचलं. समोर मावशी, हातात नसलेली इस्त्री नसलेल्या कपड्यावर फिरवत होती. खरी इस्त्री फळीवर होती.

फोन वाजला. कात्री होता.

“ठमे. शेजारणीने पैसे दिले नव्हते.”

“काय?”

“इस्त्रीचे. आपण ती तशीच दिली. उसनं आणि कायमचं असा प्रश्नच नव्हता. विकलं की नाही, एवढंच होतं.”

त्याच दिवशी सिनेमा अंतिम यादीत आला. प्रसिद्धीवाली बाई फोनवर रडत होती. माणूसच नसलेला सिनेमा, ती म्हणाली, शेवटी दार आपोआप उघडतं तेव्हा परीक्षक जागचे हलले नाहीत म्हणे.

*

भरलेलं भाडं परत मिळणार नव्हतं. ठमीने कॅमेरा विकला, भिंगं विकली, तिकाटणंही विकलं, आणि पैसे घेऊन चष्मेवाल्याचा जिना चढली. दाराआडून हसण्याचा आवाज येत होता. तो आवाज तिने घरात शेवटचा कधी ऐकला होता, ते तिला आठवेना.

चष्मेवाल्याने दार थोडंसं उघडलं.

“हे घ्या,” ती म्हणाली. “सगळे आहेत. मला माझी मावशी द्या.”

तो पैशांकडे बघतच नव्हता. “मी अडवलेलं नाही हो. तुम्ही त्यांनाच विचारा ना.”

“मावशी!”

आत पत्ते पिसल्याचा आवाज थांबला.

“ठमे, तू होय?” आवाज तोच, तोंडात पान असल्यासारखा भरलेला, मजेत असला की व्हायचा तसा. “यादीत आलीस ना? छान झालं. कात्रीला म्हणावं, डोकं चालवलंस पण अर्धंच.”

“चल घरी.”

“घरी आहे की मी. मी बसलेय ना तिथे, वाट बघत? ते काम ती चांगलं करते. मला आता कंटाळा आला होता, बाळा.” मग पत्ता टेबलावर आपटल्याचा आवाज. “अहो, तुमची पाळी! दारात काय उभे आहात? आणि ठमे, ते पैसे परत घेऊन जा, नळ दुरुस्त कर.”

“सॉरी,” चष्मेवाला म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याने दार हळूच लावलं, आवाज होऊ न देता.

*

शेवटचं दृश्य

ऊन उतरलंय. ठमी स्वतःच्या घराबाहेर, जिन्यापाशी उभी आहे. किल्ली तिच्या हातात आहे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो: खिडकीपाशी, परत टेबलापाशी. पुन्हा एकदा. कात्रीचा निरोप आलाय, सोहळ्याला काय घालणार आहेस. तिने उत्तर दिलेलं नाही.

ती किल्ली खिशात टाकते आणि बेल वाजवते.

पावलं येतात. दार उघडतं. मावशी दारात. मावशी ठमीकडे बघत नाही. ती बाजूला बघते, कठड्याशेजारी, भिंतीजवळ, जरा खाली.

“आलीस?” मावशी म्हणते.

तिथे भिंतीला कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायाने पडलेला ओरखडा आहे. ठमी एक पाऊल सरकते. भिंतीला पाठ लावते. तरी नजर जुळत नाही, मावशी तिच्या गळ्याकडे बघतेय.

ठमी गुडघे वाकवते. अजून थोडे. सात वर्षांच्या पोरीएवढी होते.

आता मावशी तिच्या डोळ्यांत बघते.

“उशीर केलास.”