रिकाम्या पारड्यातले चारशे ग्रॅम

मी आरोग्यकेंद्रातला बाळांचा वजनकाटा बोलतोय. जे सांगेन त्यातून मनातल्या मनात चारशे ग्रॅम वजा करून ऐका. आता तशी गरज उरलेली नाही, पण सहा वर्षांची सवय आहे, लगेच जात नाही. खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. तरी सहा वर्षं मी खोटं दाखवत होतो, आणि त्याबद्दल आमच्या केंद्राला सरकारी ढाल मिळालेली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचं अंग, पोटात स्प्रिंग, समोर गोल तबकडी आणि डोक्यावर बाळ निजेल एवढं पांढरं पारडं. बाहेर पडायच्या दिवशी तपासनिसाने पारड्यात एक किलोचं पितळी वजन ठेवलं. काटा बरोबर एकवर थांबला. "ठीक," एवढंच तो म्हणाला. मला तपासणारा तो पहिला माणूस. दुसरा भेटायला दहा वर्षं लागली.

केंद्रात मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. दोन बाकं, एक पडदा आणि सतत कण्हणारा लसींचा फ्रिज, एवढाच आमचा संसार. त्या टेबलावरून मी माणसं बघितली. आया बाळाला पारड्यात ठेवून काट्याकडे अशा बघायच्या, जणू त्यांचाच निकाल लागणार आहे. काही जणी हळूच एक बोट पारड्याच्या कडेवर टेकवायच्या. वडील आले तर पहिला प्रश्न ठरलेला, "शेजारच्यांच्या बाळाचं किती भरलं?" आणि बाळं? माझ्यावर शू न करता उठलेलं बाळ मला आठवत नाही. माझी तक्रार नाही. माझ्याशी खरेपणाने वागणारी तीच.

चार वर्षांनी माझी स्प्रिंग सैल पडली. पारडं रिकामं असतानाही काटा चारशेवर जाऊन उभा राहायचा. तेव्हाच्या नर्सबाईंनी हे आठवड्याच्या आत ओळखलं. त्या चारशे वजा करून वहीत लिहायला लागल्या आणि दुरुस्तीसाठी वर पत्रंही पाठवत राहिल्या. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. उपकरण चालू असल्याने दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही, बंद पडल्यास कळवावे. मग एक दिवस पाहणीला साहेब आले. वही चाळली, भुवया चढवल्या.

"बाई, वजाबाकी करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"साहेब, काटा चारशेने पुढे आहे."

"ते ठरवणारे आपण कोण? काटा दाखवतो ते लिहायचं."

त्या दिवसापासून वहीत माझा आकडा आणि आईच्या कानात खरा आकडा, असा दुहेरी कारभार सुरू झाला. दोन वर्षांनी नर्सबाई निवृत्त झाल्या आणि आयांच्या कानात सांगणारं कुणी उरलं नाही. त्यांची जागा 'भरण्याची कार्यवाही सुरू' झाली. चार वर्षं ती सुरूच होती. इतकी दमदार कार्यवाही मी दुसरी पाहिली नाही. तोवर तीन केंद्रांत मिळून एक नवी नर्स. आमच्या वाट्याला फक्त बुधवार.

त्यातच मंत्र्यांचा दौरा ठरला. प्रत्येक उपकरणाच्या दर्शनी भागावर मोहिमेचं स्टिकर लावण्याचा आदेश निघाला. हसऱ्या बाळाचं चित्र आणि खाली 'सुदृढ बाळ, समर्थ राज्य'. माझा दर्शनी भाग म्हणजे तबकडी. मदतनीस मावशींनी विचार करून स्टिकर शून्य ते अर्धा किलो या जागेवर लावलं. त्यांचं तरी काय चुकलं? अर्ध्या किलोचं बाळ कुठे असतं? पण पारडं रिकामं असताना काटा कुठे उभा असतो, हे त्या हसऱ्या बाळाखाली कायमचं झाकलं गेलं.

पुढच्याच वर्षी आम्हाला ढाल मिळाली. केंद्रात कमी वजनाचं एकही बाळ नाही! मावशींनी ती भिंतीवर, माझ्या बरोबर समोर टांगली. काटे लाजत नाहीत असं लोकांना वाटतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. ढालीमागोमाग कागद आला. ज्या अर्थी कमी वजनाची बाळं नाहीत, त्या अर्थी त्यांच्यासाठी येणारी पोषक पिठाची पाकिटं बंद करण्यात येत आहेत. आणि पूर्णवेळ नर्सची तातडीही दिसत नाही.

अशा दिवसांत ती आली. सहा महिन्यांची मुलगी कडेवर, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. शिकलेली. शिकलेली आई म्हणजे काळजी वहीत लिहून ठेवणारी आई. किती वेळ प्यायली, किती वेळा ओकली, किती झोपली, सगळं तारखेनिशी. दुसऱ्याच खेपेला मावशींनी तिचं नाव काळजीताई ठेवून टाकलं.

मुलगी पारड्यात. काटा पाच किलो नऊशेवर.

"हिरव्या पट्ट्यात आहे," नर्स म्हणाली. तक्त्यावर त्या वयाच्या मुलीची खालची रेघ पाच किलो सातशेला होती. "छान आहे. पुढचं बाळ."

"पण हिची झबली मागच्या महिन्यापेक्षा सैल होताहेत हो."

"झबली ताणली असतील धुऊन धुऊन," मावशी म्हणाल्या.

सोबत सासूबाई होत्या. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, सरकारचा काटा आहे. तुझ्या डोळ्यांपेक्षा खराच असणार. पहिलटकरणीला रात्रंदिवस असंच वाटत असतं."

"माझंच काहीतरी चुकत असेल," ती म्हणाली. मला तिथल्या तिथे मोडून पडावंसं वाटलं. बाई गं, तुझं काही चुकत नाहीये! पण मला बोलायला एकच काटा, आणि तो चारशेने पुढे.

पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. दोन दिवसांनी ती पोस्टात बहिणीला पार्सल पाठवायला गेली. खिडकीमागच्या कारकुनाने पार्सल काट्यावर ठेवलं. तिने घरून निघताना ते मुलीच्या बरोबरीने हातात तोलून पाहिलं होतं, काळजीला काय, काहीही तोलावंसं वाटतं. धीर करून तिने विचारलं, "हिलाही जरा ठेवू का काट्यावर?"

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, मुलं पार्सलने पाठवायची सोय बंद आहे."

"पाठवायची नाहीये. मोजायची आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला, पण त्याने ठेवू दिलं. पाच किलो पाचशे. कपड्यांसकट.

बुधवारी ती उजाडताच दारात हजर. नर्सला सगळं सांगताना तिने चार वेळा "माझंच चुकलं असेल कदाचित" म्हटलं. नर्सने माझं पारडं रिकामं केलं, पुसलं, आणि स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. हसरं बाळ तोंडापासून फाटत आलं. खाली माझा काटा उभा होता. चारशेवर.

नर्स खालीच बसली. "दर बुधवारी दहा-बारा बाळं," ती म्हणाली. "सगळ्यांना मी छान म्हटलं."

"आता हिला काय द्यायचं?"

"आधी डॉक्टरांना दाखवू. आणि जास्तीचं खाणं. अशा बाळांसाठी पूर्वी पाकिटं यायची. आता नाही येत." तिने भिंतीवरच्या ढालीकडे बोट केलं. "कारण अशी बाळंच नाहीत ना आपल्याकडे."

त्याच सुमारास विधानसभेत बाल आरोग्याचं विधेयक आलेलं होतं. प्रत्येक केंद्रात पूर्णवेळ नर्स, उपकरणांची दरवर्षी तपासणी, आणि या कामाचा निधी दुसरीकडे वळवायला बंदी. साध्या तीन गोष्टी. अर्थखात्याचा त्याला विरोध होता. का? तर ढालीच ढाली वाटल्या आहेत, बाळं उत्तम आहेत, मग कायदा कशाला? समितीने नागरिकांची सुनावणी ठेवली होती. माणशी तीन मिनिटं.

"मी जाऊन काय बोलणार?" काळजीताई म्हणाली. "मला चारचौघांत घाम फुटतो."

"तू नको बोलूस," नर्स म्हणाली. "ह्याला ने." तिने वहीत नोंद केली, काटा दुरुस्तीसाठी पाठवला. दुरुस्तीला पैसे नव्हते, पण पाठवायला कुठे बंदी होती?

बसमध्ये मी तिच्या मांडीवर, मुलगी सासूबाईंच्या. "मी नुसती बाळ धरायला येतेय हं," सासूबाईंनी तीनदा बजावलं. "मला कुठे बोलायला लावू नका."

सुनावणीची खोली थंडगार. एवढ्या गार खोलीत बाळांविषयी बोलणारी माणसं स्वेटर घालून बसली होती. काळजीताईने कागद काढला. मुलीने वाटेत तो चघळलेला होता, पहिल्या चार ओळी गेल्या होत्या. तिने कागद घडी घालून ठेवून दिला आणि पिशवीतून किलोभर साखरेचं बंद पाकीट काढून माझ्या पारड्यात ठेवलं.

"साहेब, वाचा ना जरा."

अध्यक्ष वाकले. "एक किलो चारशे."

"पाकिटावर एक किलो लिहिलंय."

अर्थसचिवांनी घसा साफ केला. "साखर दमट झालेली असू शकते."

"पाकीट बंद आहे, दादा," मागून आवाज आला. सासूबाई! "आणि घरी मी स्वतः तोललंय."

काळजीताईने पाकीट उचललं. पारडं रिकामं झालं. काटा खाली आला आणि चारशेवर थांबला. "आत कुणीच नाहीये," ती म्हणाली. "तरी चारशे ग्रॅम भरताहेत. ढाल ह्या चारशे ग्रॅमना मिळाली. पाकिटं माझ्या मुलीची बंद झाली."

दहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे इतकी मोठी माणसं इतकी नीट बघत होती. मग अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटी दाबली. तीन मिनिटं झाली होती.

विधेयक मंजूर झालं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, फोटोत मी नव्हतो. उपकरणांची तपासणी सक्तीची झाली, तेवढं निर्विवाद. पण पूर्णवेळ नर्स आणि पाकिटं यांच्या कलमात अर्थखात्याने जाता जाता दोन शब्द घुसवले, 'निधीच्या उपलब्धतेनुसार'. म्हणजे काय, हे काळजीताईने नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, "म्हणजे बुधवारी मीच."

तपासणीला मात्र खरंच माणूस आला. दहा वर्षांनी दुसरा! त्याने माझी पाठ उघडली, स्प्रिंग बदलली, गंजलेल्या स्क्रूला तेलाचा थेंब दिला, आणि चहा निवायच्या आत मला शून्यावर आणलं. एवढंच काम होतं. एवढ्यासाठी तीन पत्रं, एक साहेब, एक ढाल, एक कायदा.

त्या महिन्यात एक्केचाळीस बाळं तोलली गेली. सतरा रेघेखाली. अहवाल वर गेला आणि वरून धावाधाव झाली. कायदा लागू झाल्यापासून बाळांचं वजन सरासरी चारशे ग्रॅमने घटलं असल्याचं निदर्शनास आलं, म्हणून कायद्याच्या दुष्परिणामांची चौकशी करण्यासाठी समिती नेमण्यात आली. समितीला मात्र निधी लगेच उपलब्ध झाला. केंद्राला पत्र आलं, आकड्यांत अचानक फरक पडल्यामुळे जुनी स्प्रिंग जपून ठेवली आहे का, ते कळवावे.

गेल्या बुधवारी काळजीताई आली. मुलगी आता नऊ महिन्यांची. घरातल्या घरात काय काय करून तिला भरवलेलं. तिने मुलीला माझ्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. मी सहा किलो चारशेवर थांबलो. रेघ होती सहा पाचशेला.

"उघड डोळे," सासूबाई म्हणाल्या. "कमी आहे शंभराने. पण वाढलीय. नऊशे ग्रॅम वाढलीय पोरगी!"

काळजीताईने वही काढली, आकडा लिहिला. मग बाकावर बसलेल्या दुसऱ्या आईला विचारलं, "तुमचं बाळ रेघेखाली आहे ना? वजनाची चिठ्ठी द्या तुमची. ते दोन शब्द काढायला पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणी आहे." दुसरी म्हणाली, "मला नाही बाई बोलता येत." "मलाही नाही येत," काळजीताई म्हणाली. "नुसत्या या." त्या दिवसापर्यंत तिच्या पिशवीत अकरा चिठ्ठ्या जमल्या. सहा आया कबूल झाल्या नाहीत, आमचं बाळ कमी वजनाचं आहे असं चारचौघांत कसं सांगायचं म्हणून. त्यांचंही मला कळतं.

माझं म्हणणं एवढंच. मी आता खरं सांगतो, पण या टेबलापुरतं. मला पाय नाहीत, मत देता येत नाही, पत्र लिहिता येत नाही. माझ्यावर दिसलेला आकडा आवडला नाही तर माझ्यावर रागावू नका. तो कागदावर घ्या आणि ज्यांनी निधी कुठे जातो ते ठरवायचं, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा. ते म्हणतील, तीन मिनिटं. घ्या तीन मिनिटं. सहा चिठ्ठ्या अजून कमी आहेत.