सरांच्या होडीचं पांघरूण

उजवीकडची टिचबटणं एकामागून एक टचटच बसली. शेवटचं बटण अंगठ्याने दाबून आर्डिस होडीला वळसा घालून डावीकडे आली आणि तिने कापड ओढलं. ते काठापर्यंत आलंच नाही.

तिने पुन्हा ओढलं. उजवीकडचं एक बटण निसटलं.

"तीन बोटं कमी," ड्वेन म्हणाला. त्याच्या हातात तळलेल्या माशांची कागदी ताटली होती. "धुतलंस की काय शिवण्याआधी? आटलेलं दिसतंय."

"तू आपले काटे काढ," आर्डिस म्हणाली.

चर्चच्या आवारात त्या शुक्रवारी अर्धं गाव जेवायला जमलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा होता, आणि मिसिसिपीच्या त्या काठावर हंगामाची आदली संध्याकाळ म्हणजे मासे, कोबीची कोशिंबीर आणि एकमेकांच्या होड्यांना नावं ठेवणं. मधोमध गाड्यावर ग्रॅबोव्स्की सरांनी स्वतः बांधलेली नवी होडी उभी होती. बसकी, दोन्ही टोकांना निमुळती, वाळक्या गवताच्या रंगाची. सरांनी शाळेत पिढ्यान् पिढ्या सुतारकाम शिकवलं होतं. आवारातल्या पुरुषांपैकी बहुतेकांनी पहिला रंधा त्यांच्या देखरेखीखाली धरलेला, आणि बायकांपैकी एकीने. ती एक म्हणजे आर्डिस. पुढे तिने लाकूड सोडून कापड धरलं. गावातल्या होड्यांची पांघरुणं, मोटारींच्या गाद्या, सगळं तिच्याच यंत्राखालून जायचं.

"आर्डिस, चष्मा बदल," मागून कोणीतरी म्हणालं.

"चष्मा कशाला? बाजूच बदल म्हणावं. उलटं घातलंय."

"माझं पांघरूण दे बाई परत," ड्वेनने आणखी एक घास घेतला. "पहाटे निम्मा भिजून घरी आलो, तर बायको म्हणेल, कुणी शिवलं हे?"

लोक हसले. आर्डिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सप्टेंबरातल्या कामावर तिचा सगळा हिवाळा निघायचा, आणि काम देणारे सगळे इथेच उभे राहून हसत होते. तिने वाकून होडीच्या काठावरून नजर टाकली, नाकापासून शेपटीपर्यंत. मग ती ताठ झाली.

"कापडाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "होडी वाकडी आहे."

हसणं थांबलं. ग्रॅबोव्स्की सरांची होडी वाकडी, असं त्या गावात आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ड्वेनने ताटली खाली ठेवली. खिशातून, खऱ्या बदकांना भुलवायची नकली बदकं बांधतात ती दोरी काढली आणि एक टोक शेजारच्याच्या हातात दिलं. होडीच्या मधोमध, टोकापासून टोकापर्यंत दोघांनी दोरी धरली.

सर कॉफीचा पेला घेऊन तिथेच उभे होते.

"सैल धरू नकोस, ड्वेन," ते म्हणाले. "ताण. तुला मी असं शिकवलं होतं का?"

ड्वेनने दोरी ताणली. आता कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. उजवा काठ नीट गोलाईने गेला होता. डावा मध्यावर बाहेर फुगला होता, एका कुशीवर झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

सरांनी वाकून एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. "हो," ते म्हणाले. "डावीकडे गेलीय."

त्यांची मुलगी कोरीन पुढे आली. तिने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि एवढंच म्हणाली, "चला बाबा. गार पडलंय."

आर्डिसने कापड गोळा करून छातीशी धरलं. कारण माशांच्या रांगेत, थोड्याच वेळापूर्वी, ही कोरीन तिच्या पुढे उभी होती. "बाबांच्या बोटाला पुन्हा ती विजेची करवत लागली," ती म्हणाली होती. "डॉक्टर म्हणतात, एका डोळ्याने फारसं दिसत नाही. मी करवत घेऊन जाते म्हटलं, तर म्हणाले, आधी शुक्रवारी होडी बघ, मग ठरव. बघू या. होडी बरी दिसतेय ना गं?" आणि आर्डिस म्हणाली होती, "सरांची होडी आहे, म्हणजे झालं."

हे सगळं ठाऊक असताना ती बोलली होती.

घरी आल्यावर तिने कोट न काढताच कापायच्या टेबलावरचा प्लास्टिकचा कागद उलगडला. होडीचं पांघरूण बेतायचं म्हणजे आधी असा पारदर्शक कागद होडीवर ताणून अंथरतात. काठ आणि बटणांच्या जागा पेनाने त्यावर उतरवतात, चहूबाजूंनी बोटभर माया सोडतात, आणि त्याबरहुकूम कापड कापतात. घरी बांधलेली होडी असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या उतरवायच्या, कारण हाताने केलेली वस्तू दोन्हीकडून सारखी निघतेच असं नाही. नव्या मुली शिकायला आल्या की हे ती पहिल्या दिवशी सांगायची. टेबलावरचा कागद अर्धाच होता. तिने फक्त उजवी बाजू उतरवली होती आणि तीच उलटी करून डावी कापली होती. कामं तुंबली होती, वेळ नव्हता.

तिने दोन्ही बाजू उतरवल्या असत्या तर फरक तिला टेबलावरच कळला असता. कापड गुपचूप तीन बोटं वाढवून कापलं असतं. शुक्रवारी सगळी बटणं टचटच बसली असती, आणि कोणाला दोरी काढायचं कारण पडलं नसतं.

सोमवारी नवा कागद घेऊन ती सरांकडे गेली. कोरीनचा नवरा करवत गाडीत चढवून दोरखंडाने बांधत होता. आत कार्यशाळेत सर केरसुणीने जमीन झाडत होते. करवतीच्या टेबलाचे पाय जिथे होते तिथे फरशी फिकट होती आणि भोवती भुशाची काळपट चौकट उरली होती.

"ये," ते म्हणाले. "जागा पुष्कळ झालीय बघ आता."

"सर, पुन्हा माप घ्यायचंय."

"पैसे दुसऱ्यांदा घेणार असशील तर सांग बाई. पेन्शनर माणूस मी."

तिला हसता आलं नाही. कागद होडीवर अंथरून एक टोक त्यांनी धरलं, एक तिने. ती डाव्या काठावरून पेन ओढू लागली. फुगवट्याशी आल्यावर तिचा हात मंदावला.

"सर, शुक्रवारी मी तसं बोलायला नको होतं."

"खोटं बोललीस का?"

"नाही."

"मग?"

तिने पेन उचललं. पुढचं बोलायला तिला बराच वेळ लागला, आणि सरांनी तो दिला. शाळेतही ते असेच थांबायचे. मूल फळ्यापाशी अडलं की खिडकीबाहेर बघत उभे राहायचे.

"मी एकच बाजू उतरवली होती," ती म्हणाली. "दुसरी बघितलीच नाही. नीट काम केलं असतं तर ते कापड तसं तिथे आलंच नसतं. चूक माझी, आणि सगळ्यांदेखत दाखवली मी तुमची."

"एकच बाजू," सर म्हणाले. "घरी बांधलेल्या होडीची?"

"हो."

"का?"

"तुमची होती म्हणून."

सर कागदाचं टोक धरून दाराबाहेर बघत राहिले. बाहेर गाडी सुरू झाली. करवत घेऊन ती रस्त्याला लागेपर्यंत दोघंही तसेच उभे राहिले.

"काढ पुढची खूण," शेवटी ते म्हणाले. "हात भरून येतो माझा."

पांघरूण झाल्यावर ते घेऊन ती स्वतः गेली. उजवीकडची बटणं बसली, डावीकडचीही बसली. शिकारी आत लपून बसतो तिथला मधला पडदाही नीट दुभंगला, बसल्या जागेवरून बंदूक उचलता येईल असा. सरांनी सबंध काठावरून तळवा फिरवला. कुठे सुरकुती नव्हती. बघणाऱ्याला होडी सरळच वाटली असती.

"ड्वेन उद्या नेणार आहे," ते म्हणाले. "वल्ही तो मारणार. मी नुसतं बसायचं, असं ठरलंय. कोरीननेच फोन केला त्याला." मग ते म्हणाले, "डावीकडे किती वाढवलंस?"

चर्चच्या आवारात जे तोंडातून फटकन निघालं होतं, ते आता एकट्या त्यांच्यापुढे निघेना. "फारसं नाही," ती म्हणाली. "थोडंसंच."

"थोडंसं हे माप नाही, आर्डिस."

"पावणेदोन इंच."

"पावणेदोन." त्यांनी मान हलवली. हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने हवेत तेवढं अंतर धरून पाहिलं, दिसणाऱ्या डोळ्यापुढे. "बरंच झालं की."

गाड्यावरून होडी ओढून नेताना पांघरूण वाऱ्याने फडफडतं, म्हणून ते काढून, घडी करून होडीतच ठेवतात. दोघांनी बटणं सोडवली. चादर धरावी तसे दोघं समोरासमोर उभे राहिले, टोकाला टोक लावत जवळ आले. घडी झाली. पण डावी कड उजवीच्या बाहेर उरली. आर्डिसने ती पटकन बोटांनी आत दुमडली.

सरांनी घडी तिच्या हातातून घेतली. दुमडलेली कड उलगडून बाहेर काढली, तळव्याने सपाट केली, आणि तशीच ती घडी होडीच्या नाकात सरळ ठेवून दिली.