सुगंधाबाईच्या पदरावरचा माईक

मित्रांनो, करंगळीच्या पेराएवढा काळा माईक कुणाच्या पदराला किंवा कॉलरला अडकवलेला तुम्ही पाहिला असेल. तो मी. मी जुना आहे, असं म्हटलं की माणसं हसतात, कारण मी अजून पुरते दोन श्रावणही पाहिलेले नाहीत. पण आमच्या जातीत म्हातारपण लवकर येतं आणि गरज संपली की त्याच्याही आधी येतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. एका मुलीनं मला तोंडाजवळ धरून दोन शब्द म्हटले, समोरचा काटा हलला आणि मी पास झालो. माझ्याबरोबर माझा जुळाही जन्मला. मी बोलणाऱ्याच्या अंगावर राहतो आणि तो फोनच्या चार्जिंगच्या जागी बसतो. मी ऐकतो, तो फोनला सांगतो. फोनवर काय उमटतं, ते मला त्याच्याकडूनच कळतं.

धुळ्याला आग्रा रोडवर झुलालशेठच्या दुकानात आम्ही बरेच दिवस काचेआड पडून होतो. शेजारी गोल लाईट होते, थाळीएवढे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्यांच्यापुढे उभं राहायचं, स्वतःचा चेहरा बघायचं आणि खूश व्हायचं. आवाज कुणाला दिसत नाही, म्हणून मला कुणी विचारत नव्हतं. मला त्या लाईटांचा भारी राग यायचा.

एका दुपारी जवळच्या कापडणे गावचा हिलाल आपल्या आईला, सुगंधाबाईला, घेऊन आला. त्यांच्या घरी श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशची देवी, बसते, तिच्यापुढे सगळी भाऊबंदकी जमते. पण निम्मी भाऊबंदकी आता सुरतेला, उधना-लिंबायतकडे कामाला. यंदा सुट्टी मिळेना, म्हणून कानबाई मोबाईलवरून लाईव्ह, कुणालाही बघता येईल अशी, दाखवायची असं ठरलं होतं.

हिलाल म्हणाला, "सगळ्यात मोठा लाईट दाखव भो. कानबाई माय झकपक दिसाले पाहिजे."

झुलालशेठनं लाईटला हातही लावला नाही. "हिलालभाऊ, नवीन सुरुवात करताय तर ऐका. कॅमेरा तुमच्या मोबाईलचाच चांगला शे. दारासमोर बसा, उजेड फुकट मिळतो. स्टँड साधं घ्या, फक्त हलायला नको. नेट आदल्या दिवशी तपासा. पण आवाज जवळून घ्यावा लागतो. चित्र जरा अंधुक असलं तरी माणूस बघतो, आवाज खरखरला की निघून जातो." आणि त्यानं मला बाहेर काढलं.

सुगंधाबाईनं मला तळहातावर घेतलं. तिचा हात कापूस वेचून खरबरीत झालेला होता. ती म्हणाली, "मी हळू बोलनू तरी सुरतले ऐकाले जाई का?"

"अक्का, तुम्ही नुसत्या पुटपुटल्या तरी जाईल."

"तुले कसाले हळू बोलनं शे माय?" हिलालनं विचारलं. "गाना ते मोठा आवाजमा म्हनतस."

"वय व्हयनं आते. आवाज बसस," ती म्हणाली आणि मला तिनं परत दिलंच नाही.

मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. लाईट दुकानातच राहिले आणि मी निघालो! म्हातारीनं मला का निवडलं, ते मला घरी गेल्यावर कळलं. हिलालचा थोरला भाऊ पितांबर सुरतेला आहे. त्यानं सातपुड्याकडच्या ममताशी, पावरा आदिवासी मुलीशी, लग्न केलं म्हणून भाऊबंदकीनं त्याला तोडलं. हिलालनं आईच्या फोनमधून त्याचा नंबरही काढून टाकला. आता पितांबरला मुलगा झाला आहे, तेजस, एवढं तिला सुरतेहून आलेल्या कुणाकडून तरी कळलं होतं. आजीनं त्याला पाहिलेलं नाही.

आपली ही ओढ तिनं कुणाला सांगितली नाही. माझा सराव करून बघायचा म्हणून ती मला पदराला लावून एकटी बसायची आणि "तेजस, तेजस" म्हणत राहायची. जुळा तेव्हा खोक्यात असायचा, त्यामुळे ते माझ्याजवळच राहिलं.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, धान्य मोजायची इथली रीत आहे. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं, पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा, सव्वा मूठ गहू टोपल्यात पडतात. घरातली वडीलधारी बाई नाव घेते आणि कर्ता पुरुष मूठ टाकतो. ज्याच्या नावाची मूठ पडली तो कुळातला. ज्याच्या नावाची पडली नाही, त्यानं रोटाकडे बघायचंही नाही. सुगंधाबाईला एवढंच हवं होतं, की नातवाच्या नावाची मूठ पडावी आणि ते नाव सुरतेला ऐकू जावं.

मोजणीच्या दिवशी अंगण सारवलेलं होतं. दारासमोर बसलेल्या सुगंधाबाईकडे तोंड करून मोबाईल स्टँडवर उभा केला होता, अगदी झुलालशेठनं सांगितलं तसा. आजीनं आधी कानबाईचं गाणं म्हटलं. सुरतेहून भराभर शब्द यायला लागले. आवाज एकदम साफ! अक्का, जशी शेजारीच बसली शे! हिलालची मान ताठ झाली. खरं सांगतो, माझीही झाली.

मग नावं सुरू झाली. हिलाल मुठी टाकत गेला. शेवटचं नाव झालं, तो हात झटकून बाजूला वळला आणि तेवढ्यात आजीनं स्वतःच गव्हात हात घातला. ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "पितांबर." मूठ पडली. "तेजस पितांबर." दुसरी मूठ पडली.

अंगणात कुणालाही ऐकू आलं नाही. मी ते नीट सुरतेला पोचवलं.

फोनवर एक ओळ उमटली. पितांबरची होती. 'माय, ऐकाले उनं.' तिच्याखाली लगेच दुसऱ्याची, 'हाई कोनं नाव लिधं?' मग तिसऱ्याची, चौथ्याची. हिलालनं वाकून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

त्याला फोन बंद करता आला असता. निदान मला तरी काढता आलं असतं. त्याऐवजी त्यानं टोपलं उचललं, कॅमेऱ्यापुढे धरलं, वरचे दोन मुठी गहू काढले आणि अंगणातल्या कोंबड्यांना फेकले. कोंबड्या धावल्या. देवीच्या रोटाचे गहू त्यांनी पटापट टिपले. त्यांना काय कळतं.

"आते तू सांग माय," तो शांतपणे म्हणाला. "चुकीनं नाव निंघनं, त्या आपला नहीत, असं सांग. बठ्ठा सुरतवाला ऐकी राह्यनात. नही ते औंदा मी कानबाई बसाडत नही."

पिढ्यान् पिढ्या बसलेली देवी बाहेर राहणार, तीही आपल्यामुळे! म्हातारीचं काळीज कसं धडधडलं ते मला कळलं, मी त्याच्यावरच तर अडकवलेला होतो. तिनं आवाज इतका खाली नेला की समोर बसलेल्या हिलालच्या बायकोलाही कळू नये. मला वाटतं, तो सुरतेपर्यंत पोचूच नये, असं तिला वाटत होतं.

"मनी चूक व्हयनी," ती म्हणाली. "त्या आमना नहीत."

एकही अक्षर गळलं नाही. कोंबड्यांचा कलकलाट, वारा, सगळं मी गाळून टाकलं, कारण मला तसंच बनवलं आहे. फक्त तिचा आवाज गेला, स्वच्छ. पाहणाऱ्यांच्या आकड्यातला एक कमी झाला. मग हात जोडलेली चित्रं आली आणि कुणीतरी लिहिलं, हिलालभाऊ, माईक एक नंबर शे.

माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

कानबाई थाटात बसली. रोट झाले. सुगंधाबाईनं तुकडाही तोंडात घातला नाही आणि नंतर गाणंही म्हटलं नाही. ज्याच्यासाठी घेतला तो आवाजच गेला, म्हणून हिलालनं माझा जुळा कुणाला तरी देऊन टाकला आणि मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं.

मित्रांनो, आमच्यासारखे शेवटी म्हणतात, की आम्हाला पुसून ठेवा, चार्ज करा, जपा. मला त्यातलं काही नको. फक्त एक काम करा. हिलाल शेतात गेला की म्हातारी मला डब्यातून काढते, पदराला लावते आणि म्हणते, "पितांबर, मी खोटं बोलनू रे. तेजस आमनाच शे." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, माझा हिरवा दिवा कधीचा विझला ते तिला दिसत नाही. थोडा वेळ ती तशीच बसते, सुरतेहून काही येतं का म्हणून. तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल, तर तेवढं पितांबरला जाऊन सांगा. माझ्याकडून आता ते होत नाही.