ठिपक्यांतले आकडे

"बारा," भोंग्या म्हणाला.

आत्याने पान उलटलं. रंगीत ठिपक्यांनी भरलेला दुसरा गोल समोर आला.

"तीन."

आत्याचा हात पानाच्या कोपऱ्यावर तसाच राहिला. तिला तिथे स्वच्छ आठ दिसत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या या दवाखान्यात ती सव्वीस वर्षं लोकांचे नंबर काढत आली होती आणि त्या पानावर तिने आठशिवाय दुसरा आकडा कधी पाहिला नव्हता.

"घाई करू नकोस. नीट बघ."

"नीटच बघतोय. तीन आहे."

तिने पुढचं पान काढलं, मग त्याच्या पुढचं. दहाव्या पानाला तो खुर्चीत पुढे सरकला, मान तिरकी केली, एक डोळा मिटून पाहिलं आणि हसत म्हणाला, "हे चुकीचं छापलंय वाटतं. यात आकडाच नाहीये."

डॉक्टर जेवायला गेले होते. बाहेरच्या बाकावर कुणी नव्हतं. आत्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

भोंग्या तिच्या धाकट्या भावाचा मुलगा, सतरा वर्षांचा. तान्हा असताना रडायला लागला की आजूबाजूची चार घरं जागी व्हायची, म्हणून भोंग्या. पुढे ते नाव त्याला शोभलंही, कारण बोलता यायला लागल्यापासून त्याच्या तोंडी आगगाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. बाप बावीस वर्षं गाडी चालवत होता. पोरानेही गाडीच चालवायची, हे घरात कुणी ठरवायला बसलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं. चालकांच्या प्रशिक्षणाचा अर्ज आणून ठेवला होता. पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी होती, म्हणून "एकदा माझ्याकडे येऊन जा," असं आत्याच सहज म्हणाली होती. अक्षरांचा तक्ता तर त्याने शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला होता.

"भोंग्या, तुला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत."

"काहीतरीच काय. येतात की." त्याने बसल्या जागी हात आपटला. "ही खुर्ची लाल."

"कशावरून?"

"तूच नाही का म्हणालीस, लाल खुर्चीत बस म्हणून?"

बोलून गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तो खाली वाकून खुर्चीकडे बघत राहिला.

"औषध काय यावर?" त्याने विचारलं.

"औषध नाही."

"ऑपरेशन?"

"नाही रे बाळा. हे जन्मापासूनचं आहे. तुला कळलं आज, एवढंच."

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. ती भावाच्याच घरी, वरच्या खोलीत राहायची. भाऊ नुकताच कामावरून आला होता, बूट काढत होता. एक बूट हातात घेऊन त्याने सगळं ऐकलं. भावजय दाराशी उभी होती.

"आपल्या घराण्यात तर हे कुणाला नाही," भाऊ म्हणाला. "कुठून आलं मग?"

मुलाला हे आईच्या बाजूने येतं, ते आत्याला पाठ होतं. पण ती म्हणाली, "येतं. कुणाकुणाला येतं."

भावाने बूट खाली ठेवला. "ताई, त्या पुस्तकात पानं किती?"

"अडतीस."

"दोन दिवस घरी आण. हा पाठ करेल. पोराचं डोकं चांगलं आहे."

"नाही आणणार."

"अगं, मी काय चोरी करायला सांगतोय? सिग्नलला रंगाशिवाय जागाही असते. वरचा दिवा कुठला, खालचा कुठला, ते बघून कळतं. मी शिकवेन त्याला."

"धुकं पडलं की दिव्याचा खांबही दिसत नाही, नुसता एक ठिपका दिसतो, असं तूच सांगतोस ना? त्या ठिपक्याला वर काय नि खाली काय?"

स्वतःचंच बोलणं असं अंगावर आलेलं कुणाला आवडत नाही. भाऊ सावकाश, एकेक शब्द निवडल्यासारखा म्हणाला, "पोटचं पोर असतं तर दिलं असतंस पुस्तक."

भावजय "अहो" म्हणाली, पण शब्द निघून गेला होता. आत्या उठली आणि वर गेली. जिन्यात तिला भोंग्या बसलेला दिसला. त्याने सगळं ऐकलं होतं. तिला जायला वाट द्यायला तो सरकला, पण मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ते पुस्तक डॉक्टरांच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली. "लागेल तेव्हा मागेन," ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली.

आठ दिवस भोंग्या तिच्याशी बोलला नाही. जेवताना पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवायचा, तेवढंच. भावजय मात्र एका सकाळी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, "वन्सं, माझे वडील बाजारात टोमॅटो दाबून घ्यायचे. पिकलाय की नाही, ते त्यांना बघून कळायचं नाही. आम्ही त्यांना हसायचो." मग थोड्या वेळाने, "माझ्याकडून आलं ना हे?"

आत्याने तिच्या हातातली जुडी घेतली आणि स्वतः निवडायला लागली. "त्याचे डोळे तुझ्याकडून आलेत. पापण्यासुद्धा तुझ्याच. त्यातलं काय काय परत घेणार आहेस?"

"ह्यांना सांगू?"

"सांगायचं तर सांग. पण अपराध्यासारखं सांगू नकोस."

त्या आठ दिवसांत आत्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती अठरा वर्षांची असताना डॉक्टरांना चांगल्या अक्षराची मुलगी हवी होती, चार महिन्यांपुरती. घरच्यांनी तिला तिथे पाठवलं. चार महिन्यांची सव्वीस वर्षं कधी झाली ते कळलं नाही. काम तिने मन लावून केलं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तिला त्या वेळी काय व्हायचं होतं, हे आता तिला आठवतही नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने ते कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, आणि न म्हटलेलं विरून गेलं. या पोराला ती असं कुठेतरी ढकलू देणार नव्हती. पुस्तक अडवलं ते तिने, तेव्हा पुढची वाटही तिनेच शोधायला हवी होती.

तिने सुट्टी मागितली. इतक्या वर्षांत आजारपणाशिवाय घेतलेली ही पहिलीच. नवव्या दिवशी सकाळी ती भोंग्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चल. बाहेर जायचंय."

"मला कुठे जायचं नाहीये."

"मला जायचंय. तू सोबतीला चल."

पहिले चार दिवस फुकट गेले. तिच्या ओळखीचा एक वीजकामाचा फोरमन होता, त्याने आधी वायरींचं भेंडोळं पुढे केलं आणि म्हणाला, "हिरवी उचल." भोंग्याने तपकिरी उचलली. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काचेवरचे डाग रंगावरून ओळखायचे होते. छापखान्यात तर दारातूनच दोघं परत फिरले. जगातली अर्धी कामं लाल-हिरव्यावर उभी आहेत की काय, असं आत्याला वाटायला लागलं. परतीच्या वाटेवर भोंग्या म्हणाला, "आत्या, मला वाटतं तू मला न जमणाऱ्या कामांचं प्रदर्शन दाखवतेयस." आठ दिवसांनंतरचं हे त्याचं पहिलं धड वाक्य. दोघांनाही हसू आलं आणि दोघांनीही ते लपवलं.

पाचव्या दिवशी तिने त्याला कुठेच नेलं नाही. स्टेशनाच्या टोकाला, जिथे फलाट संपतो, तिथल्या बाकावर ती त्याला घेऊन बसली.

"गाडीतलं तुला काय आवडतं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे काय? मला काही कळत नाही गाडीतलं. एक एक सांग."

तो बराच वेळ पायाने खडी उकरत राहिला. लांबून मालगाडी येत होती. त्याने डोळे मिटले. गाडी समोरून धडधडत गेली, बाकसुद्धा हलला, आणि शेवटचा डबा लांब गेल्यावर तो म्हणाला, "मधल्या एका डब्याचं एक चाक चपटं झालंय. ऐकलंस? टक्, टक्, टक्."

"मला नुसता खडखडाट ऐकू आला."

"तो सगळ्यांनाच येतो. त्याच्या आत होतं."

"तुला हे बाबांनी शिकवलं?"

"छे. रात्रंदिवस घराजवळून गाड्या जातात. आपोआप कळतं."

"मला नाही कळत," आत्या म्हणाली. "तुझ्या बाबालाही कळत नसावं. कधी बोलला नाही तो." ती उठली, साडी झटकली. "उद्या सकाळी लवकर आवर."

रेल्वेच्या चाकांच्या कारखान्याचा मुख्य फिटर तिचा जुना पेशंट होता. मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सोडली तेव्हा त्याला सगळ्यात आधी तिचा चेहरा दिसला होता, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. प्रचंड शेडमध्ये आसांना जोडलेली चाकं रांगेने उभी होती, माणसाच्या छातीएवढी उंच. सगळीकडे तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. फिटरने भोंग्याला लांब दांड्याची हातोडी दिली.

"ही चार चाकं. एकाला आतून तडा आहे, डोळ्यांना दिसत नाही. ठोकून सांग."

भोंग्याने ठोकलं. दुसरीकडे घासकाम चालू होतं, ठिणग्या उडत होत्या, आवाज घुमत होता. तो एकेका चाकाशी वाकला, कान जवळ नेला.

"दुसरं," तो म्हणाला.

"चूक."

भोंग्याचे कान लाल झालेले आत्याला लांबून दिसले. आता तो हातोडी ठेवेल आणि चालू लागेल, असं तिला वाटलं. तिने पर्स घट्ट धरली.

"ते घासायचं मशीन कधी थांबतं?" त्याने विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत."

"मग मी थांबतो. सुट्टीत पुन्हा ठोकतो."

तासभर तो एका लाकडी खोक्यावर बसून राहिला. मशीन थांबलं, माणसं डबे घेऊन बाहेर गेली, शेड शांत झाली. त्याने पहिल्या चाकापासून सुरुवात केली. प्रत्येक ठोक्यानंतर आवाज पूर्ण मरेपर्यंत तो हलायचा नाही. चौथ्या चाकापाशी त्याने तीनदा ठोकलं.

"हे. हे लवकर गप्प होतं."

फिटरने मान डोलावली. मग त्याने एक यंत्र आणून दाखवलं. ते आसाला लावलं की पडद्यावर रेघ उसळ्या घ्यायची आणि तडा असेल तिथे वेगळी उसळी यायची. "हल्ली खरी तपासणी याच्यावर होते. हातोडी मी माझ्या हौसेने ठेवलीय. पण ज्याला ऐकायचा धीर आहे, त्याला ही रेघही लवकर समजते." पडद्यावर एकच पांढरी रेघ होती. भोंग्याने ती बराच वेळ पाहिली.

"एक सांगून ठेवतो," फिटर म्हणाला, "उगाच गोड बोलत नाही. हात काळे होतात ते होतातच. आणि गाडी चालवणाऱ्याला पोरं हात करतात. चाक बघणाऱ्याला कुणी हात करत नाही."

"रोज किती चाकं येतात?" भोंग्याने विचारलं.

आत्याने घट्ट धरलेली पर्स खांद्याला अडकवली. हा प्रश्न तिला पुरेसा होता.

शिकाऊ तपासनिसाच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. अर्ज दोन दिवस टेबलावर पडून राहिला. भाऊ येता-जाता त्याच्याकडे बघायचा. तिसऱ्या सकाळी ड्युटीचे कपडे घालून तो टेबलाशी बसला, पेनाचं टोपण काढलं आणि तसाच थांबला. भावजय आणि आत्या स्वयंपाकघरातून बघत होत्या. भोंग्या समोर उभा होता.

"मी निघायच्या आधी गाडीखालून एक माणूस वाकून फिरतो," भाऊ म्हणाला. "बावीस वर्षं. तो हात वर करतो आणि मी गाडी काढतो. त्याचं तोंड कसं आहे, मी सांगू शकणार नाही."

त्याने सही केली. मग आत्याकडे न बघता म्हणाला, "ताई, सोमवारी डोळ्यांच्या तपासणीला तूच जा याच्याबरोबर. मला ड्युटी आहे."

सोमवारी त्याची सुट्टी होती. ते आत्याला माहीत होतं, भावजयीला माहीत होतं, आणि भोंग्यालाही. आत्याने सही केलेला अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला.

तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत्या बाहेरच्या बाकावर बसली होती. आतले डॉक्टर कागद उलटत होते, त्यांनी तक्त्याकडे बोट करायच्या आधीच भोंग्याचा आवाज आला. चांगला मोठा, कॉरिडॉरमधल्या सगळ्या पोरांना ऐकू जाईल असा.

"साहेब, मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. आधीच सांगून ठेवतो."

बाकावरची दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली. आत्या ताठ बसून राहिली.

"कुठल्या कामासाठी आलायस?" आतून आवाज आला.

"चाकं आणि आस तपासायला."

"मग चालेल. अक्षरं वाच."

बाहेर पडले तेव्हा ऊन चढलं होतं, पण हवेत गारठा होता. रस्त्याच्या कडेने दोघं चालत राहिले. पुलाखालून एक प्रवासी गाडी गेली. भोंग्या कठड्याशी थांबला, ती पूर्ण जाईपर्यंत बघत राहिला, आणि आत्याही थांबली. गाडी वळणाआड गेल्यावर त्याने अंगातल्या स्वेटरची बाही चिमटीत धरून तिच्यापुढे केली.

"आत्या, हा कुठल्या रंगाचा आहे?"

"तुला कुठला वाटतो?"

"मातकट. दोन हिवाळे घालतोय. मातकट म्हणूनच दुकानात उचलला होता."

"हिरवा आहे," आत्या म्हणाली. "गडद हिरवा."

त्याने बाहीकडे पाहिलं. उलटीसुलटी करून पाहिली. मग ती मनगटापर्यंत नीट खाली ओढली आणि वरची दोन उघडी बटणं लावून घेतली.

"चांगला दिसतो का?"

"चांगला दिसतो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि चालायला लागला.