पाच वटवाघळांचा वाडगा

माझ्या लेकीला, शियाओमानला, महिना पूर्ण झाला त्या दुपारी सासूबाईंनी लाल कापडातला वाडगा तिच्या पायाशी ठेवला. घराण्याचा जुना वाडगा, पहिल्या नातवंडाचा मान. त्यावर पाच वटवाघळं, कारण आमच्या बोलीत वटवाघूळ आणि सुख यांचा उच्चार एकच. मुलगी झाली तर तो मिळेल का, हा घोर मला पोटुशी असल्यापासून होता.

पाहुणे महिन्याच्या सोहळ्याची लाल रंगवलेली अंडी सोलत होते. लेकीला पाजता पाजता मी वाडगा उजेडात धरला, आणि पंखांच्या टोकांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

आमच्या चिंगदेचनमध्ये, चिनी मातीच्या भांड्यांच्या या गावात, नक्षीची रेघ एकजण ओढतो, आत निळ्या रंगाचं पाणी दुसरा भरतो. मी भरणारी, त्यात डावखुरी. माझ्या हातचं पाणी पंखाच्या उजव्या टोकाला साचतं, तिथे निळाई दाट होते. इथे पाचही वटवाघळांची तशीच होती.

लेकीला पाळण्यात ठेवून मी स्वयंपाकघरात गेले.

"आई, तो वाडगा माझ्या हातचा आहे."

सासूबाई भांडी घासतच राहिल्या. "रेघ माझी आहे. चहाच्या पाण्यात मुरवून जुना केलाय."

"मुलगी झाली म्हणून नक्कल?"

"वेडे, रोजच्या कामाच्या ढिगात तू हा भरलास तेव्हा ती पोटात होती. मला काय ठाऊक मुलगी की मुलगा? खरा माझ्या बहिणीकडे आहे, हिच्यासाठीच."

"मग ही लपवाछपवी कुणापासून?"

त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे त्यांचा लेक, माझा नवरा लिआंगशेंग. जुन्या वस्तूंचा व्यापारी.

"आजोबांची फुलदाणी फुटली म्हणाला ना तो? तुकडे पाहिलेस?"

नव्हते पाहिले.

"वटवाघळं पाच, सुखं पाच: आयुष्य, धन, आरोग्य, सद्गुण, शांत मरण. त्यांत नवऱ्याचं सुख धरलेलं नाही, बघ."

मला त्यांचाच संशय आला. स्वतःच खरा विकून लेकाच्या माथी मारत असतील तर?

बाहेर आले. शियाओमान रडत होती. लिआंगशेंग तिच्या पाळण्याशेजारीच वाडगा पालथा धरून तळावर नखाने टिचकी मारत होता.

"सूयुन, हा घरात नको ठेवायला. चोरीबिरी होईल. एका मित्राकडे ठेवतो."

"आणि फुटला तर?"

"काहीतरीच बोलतेस."

वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला माझा हात ओळखू आला नव्हता. मी लाल कापड त्याच्या हातात दिलं. "ने. सांभाळून ने."

मग लेकीला उचललं, तिचे डोळे पुसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "आई, मावशींकडे मला कधी नेता? मला तो वाडगा बघायचाय."