गिट्टीच्या गळ्यातला पट्टा

मी एक म्हातारी गावठी कुत्री आहे, मित्रांनो. नागपुरात हुडकेश्वरला एका घराच्या पोर्चमध्ये माझी गोधडी अंथरलेली असते. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत, एक कान मोडलाय. पण सकाळचं ऊन पाठीवर आलं की मला कशाचीच तक्रार राहत नाही. आज जरा निवांत आहे, म्हणून माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म नागपूरला लागून असलेल्या वाडीचा. तिथे ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, दिवसभर ट्रकांची ये-जा. माझी आई अशाच एका ट्रकखाली गेली. मी रस्त्याकडेच्या गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, ढिगावर चढून कुंईकुंई करत बसले होते. गोदामात माल उतरवून घेणाऱ्या प्रशिकने मला पाहिलं, रुमालात गुंडाळलं आणि घरी आणलं.

त्याची बायको उन्नती नर्स. ड्युटीवरून दमून आली होती. "हे का उचलून आणलं तुम्ही?" तिने विचारलं.

"गिट्टीवर बसून रडून राहिली होती," प्रशिक म्हणाला.

"मंग गिट्टीच म्हनू हिले," असं म्हणून तिने माझ्यासमोर दूध ठेवलं. झालं, मी त्या घरची झाले.

शेजारी यमुताई राहतात. तेव्हाही एकट्याच राहत. चहाच्या वेळी त्या भिंतीवरून हात घालून मला अर्धा टोस्ट द्यायच्या आणि दिवसभराचं सगळं मला सांगायच्या. मी शेपटी हलवत ऐकायचे.

माझ्यात एकच खोड होती. आईला चाकाने नेलं म्हणून असेल, पळणारी मोटारसायकल दिसली की माझं डोकं फिरायचं. फाटक उघडं दिसलं की मी भुंकत मागे सुटायचे. एकदा एक माणूस गडबडून पडला, त्याचा हात मोडला. संध्याकाळी आमच्या लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली, माणसं दारात जमली. "कुत्री सोडून या कुठंतरी, नाहीतर आम्हीच पाहतो," असं सांगून गेली. त्या दिवशी प्रशिकला जेवण गेलं नाही.

कोणीतरी त्याला विजेच्या पट्ट्याबद्दल सांगितलं. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात, बटण मालकाच्या हातात. कुत्रा चुकला की बटण दाबायचं, बस. प्रशिकने तो मागवला. मित्रांनो, त्याच्यावर रागावू नका. मला सोडावं लागू नये म्हणूनच त्याने तो आणला होता.

मी मोटारसायकलमागे धावले आणि मानेला गांधीलमाशी डसावी तसा झटका बसला. गांधीलमाशी निदान दिसते तरी. इथे काहीच दिसेना. मी केकाटत परतले. आणखी काही झटक्यांनंतर मी धावायची थांबले. लोक म्हणाले, "वा, सुधरली तुमची कुत्री!" प्रशिकच्या जिवात जीव आला.

पण मला काय समजलं होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ते झटके चालू होते त्याच दिवसांत एकदा मोटारसायकल आली तेव्हा मी फाटकाशी उभी होते आणि माझे डोळे भिंतीपलीकडच्या यमुताईंवर होते. मी धावेन या धास्तीने प्रशिकने आधीच बटण दाबलं असणार, तेवढ्यात झटका बसला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मी कुत्री आहे हो. मला बटण कुठून कळणार? यमुताई दिसल्या की दुखतं, एवढंच मला कळलं.

मग एके दिवशी त्यांनी नेहमीसारखा टोस्ट पुढे केला आणि मी दात विचकून त्यांच्या हातावर झेपावले. पदर दातात आला, टरकन फाटला. हात थोडक्यात वाचला.

यमुताई मागे सरकल्या. फाटका पदर सावरत म्हणाल्या, "काहून वं गिट्टी? मले ओळखत नाही काय?"

प्रशिक धावत आला. "आता हिले वाडीले नेऊन सोडतो," तो पुटपुटला. उन्नती म्हणाली, "आधी डॉक्टरीणबाईले दाखवू. मंग काय ते ठरवा."

जनावरांच्या डॉक्टर नंदिनीताईंनी मला तपासलं. मानेवरचे लाल चट्टे पाहिले आणि प्रशिकला विचारलं, "बटण दाबलं तेव्हा ही कोणाकडे पाहत होती?"

प्रशिक आठवू लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "यमुताईकडे," तो हळूच म्हणाला.

"धावणं थांबलं, पण भीती आत राहिली," नंदिनीताई म्हणाल्या. "ती मोटारसायकलला भीत होतीच. आता ती माणसांनाही भिऊन राहिली."

पट्टा तिथेच निघाला. नवं शिक्षण सुरू झालं, आणि ते फारच चविष्ट होतं. प्रशिक मला साखळीने बांधून रस्त्यापासून लांब मैदानात बसवायचा. दूरवर मोटारसायकल गेली की लगेच तोंडात उकडलेल्या कलेजीचा तुकडा. भुंकले तर आम्ही आणखी लांब जायचो, पण रागावणं नाही. महिने गेले. कितीदा तरी मी चुकले. एका सकाळी अगदी जवळून गाडी गेली आणि मी तिच्याकडे न पाहता प्रशिककडे पाहिलं. तो तिथेच मातीत बसला आणि मला कुशीत घेऊन लहान पोरासारखा हसत सुटला.

यमुताईंचं मन मात्र धास्तावलं होतं, आणि माझंही. तरी त्या रोज आमच्या अंगणात येऊन माझ्याकडे पाठ करून बसायच्या आणि टोस्टचा तुकडा मागे टाकायच्या. "मी काही करून नाही राहिली वं, खा तू," एवढंच म्हणायच्या. तुकडा रोज थोडा जवळ पडायचा. अखेर एकदा मी तो त्यांच्या तळहातावरून उचलला. त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसता पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल आणि ते चुकत असेल, तर त्याला दुखवायच्या आधी ते कशाला भितं, हे शोधा. दुखवल्याने आम्ही गप्प होतो, शहाणे होत नाही. शिकवायला वेळ लागतो. तेवढा आम्हाला द्या.

उन्नती आता फिरायला जाण्यासाठी हाक मारते आहे. मला उठायला हल्ली उशीर होतो. पण ती फाटकाशी उभी राहते, घाई करत नाही.